चौथी सही

खापरच्या बाजाराकडून गुजरातेत जाणारा रस्ता सागाच्या झाडांत शिरतो, तिथे डाव्या हाताला एक लोखंडी फाटक आहे. त्या फाटकाच्या आत सिस्टर रिबेकानं एकोणचाळीस वर्षं भाकरी भाजल्या. अकरा जणींच्या दोन वेळच्या जेवणाच्या तर भाजल्याच, पण तिचं नाव होतं ते दुसऱ्या भाकरीसाठी. मिस्सेच्या उपासनेवेळी फादर जी पांढरी, कागदासारखी पातळ चकती दोन्ही हातांनी वर धरतात, ती भाकर. धडगावपासून नवापूरपर्यंत, जिथे जिथे मिस्सा होई तिथे तिथे रिबेकाच्या हातची भाकर जाई.

पीठ आणि पाणी. मीठ नाही, तेल नाही, आंबवणं नाही. लोखंडी साच्याच्या दोन तापलेल्या पाट्यांमध्ये पळीभर पीठ ओतायचं, दांडा दाबायचा, एक 'नमो मरिये' म्हणून होईपर्यंत धरून ठेवायचा. मग तो कडक पापुद्रा ओल्या फडक्यात मऊ करायचा आणि गोल कातरायचा. साच्यानं तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत डाग दिले होते. जुने पांढरे, नवे तांबडे. ती त्यांच्याकडे बघत नसे. म्हैस अंगावरच्या गोमाशीकडे तरी बघते.

घरात शिकलेल्या सिस्टर होत्या, शाळेत शिकवणाऱ्या, दवाखान्यात सुई टोचणाऱ्या, मुलींचं वसतिगृह सांभाळणाऱ्या. रिबेका चुलीची सिस्टर. नवापूरकडच्या सीमेवरच्या डोंगरातली, चौथी शिकलेली. बाप, होळ्या नावाचा, मरेपर्यंत आपल्या देवांना कोंबडं देत राहिला. आईनं बाप्तिस्मा घेतला होता. मिशनची जीप आली तेव्हा आईनं तिला अठराव्या वर्षी जीपमध्ये बसवलं. व्रतं घेण्याच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्या शिक्षिका-सिस्टरनं तिला समोर गुडघ्यांवर बसवून सांगितलं, "आज्ञा देणारा चुकू शकतो, रिबेका. आज्ञा पाळणारा कधीच चुकत नाही." रिबेकानं हे बोल पदराला गाठ मारून ठेवले. बाकीच्या धर्मशिक्षणातलं तिला फारसं काही कळलं नव्हतं, पण हे कळलं. पुढे जे झालं ते या एका कळण्यामुळे झालं.

भांडण तसं साधं होतं. आश्रयमातेच्या भगिनी हा छोटा संघ. दर सहा वर्षांनी आपली मदर आपणच निवडायची, असा त्यांचा नियम. जूनमध्ये त्यांनी मदर प्रिस्किलाला तिसऱ्यांदा निवडलं. ती नवापूरचीच, रिबेकाच्या गावापासून दोन डोंगर पलीकडची, पण बी.एड. झालेली, ताठ मानेची. बिशपसाहेबांनी कळवलं की तिसऱ्यांदा चालणार नाही, आम्ही बाहेरून एक मदर पाठवतो, तिला किल्ल्या द्या. बाहेरची मदर आली. फाटकाला आतून कुलूप होतं. ती तासभर उन्हात गाडीत बसली आणि परत गेली.

कुलूप मदरच्या सांगण्यावरून नवलसिंगनं लावलं होतं. नवलसिंग फाटकावरचा माणूस, शहाद्याकडचा, अहिराणी बोलणारा, विधुर. त्यानं स्वैपाकघराच्या दाराशी येऊन रिबेकाला सांगितलं, "सिस्टर, आते मोठा मोठा हत्ती लढतीन. आपण गवत शेतस."

"माझं काय जातंय?" रिबेका म्हणाली. "मी भाकरी भाजते."

पंधरा दिवसांनी बिशपसाहेबांचे प्रतिनिधी, फादर स्टीफन, आले. पन्नाशीचे, गोरटेले, हळू बोलणारे. त्यांनी कुणाशी भांडण केलं नाही. सरळ चॅपेलमध्ये गेले, वेदीवरची पेटी उघडली, आतली पवित्र भाकर काढून घेतली आणि पेटीचं दार उघडं टाकून लाल दिवा फुंकून विझवला. सगळ्या सिस्टर भिंतीशी उभ्या होत्या. फादरांनी वाचून दाखवलं: या घरात यापुढे मिस्सा होणार नाही. इथल्या भगिनींना कोणत्याही चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद मिळणार नाही. इथली भाकर कुठल्याही वेदीवर चालणार नाही.

शेवटचं वाक्य रिबेकासाठी वेगळं काढून लिहिल्यासारखं होतं. तेव्हा तिच्या डब्यांत तीन हजार चकत्या तयार होत्या.

"यांचं काय करू, मदर?"

"कोंबड्यांना घाल," मदर म्हणाली. "नुसतं पीठ आहे ते. फादरांचा हात लागेपर्यंत पीठच असतं."

हे खरंच होतं. रिबेकाला ते शिकवलेलंही होतं. तिनं अंगणात बसून मूठमूठ टाकलं. कोंबड्यांनी चकत्यांवर उमटलेले क्रूस टिपले, चोची पुसल्या आणि अजून मागायला जवळ आल्या.

त्याच आठवड्यात मदरनं सगळ्यांना जेवणघरात बसवून एक कागद वाचला. आम्ही अकरा जणी एक आहोत, बिशपसाहेबांनी पाठवलेली मदर आम्हाला मान्य नाही, असा मजकूर. दहा जणींनी सह्या केल्या. रिबेका वाढत होती. मदर म्हणाली, "पळी ठेव. सही कर." रिबेकानं पदराला हात पुसले आणि एकेक अक्षर जोडत सही केली. ही पहिली.

महिन्याभरानं फादर स्टीफन परत आले आणि पाहुण्यांच्या खोलीत बसून एकेकीला आत पाठवा म्हणाले. कुणीच गेलं नाही. दहाही जणी वरच्या मजल्यावर मोठ्यानं जपमाळ म्हणत बसल्या. पण पाहुण्याला चहा द्यायचा असतो, आणि चहा रिबेका नेते.

"बसा, सिस्टर," फादर म्हणाले.

त्या खोलीतल्या खुर्चीवर ती कधी बसली नव्हती. कडेला टेकली.

"हा कागद. बिशपसाहेब जे ठरवतील ते मला मान्य आहे, एवढंच लिहिलंय. त्यांच्या नावानं मी तुम्हाला आज्ञा देतो. सही करा."

"फादर, मी मदरच्या कागदावर सही दिली आहे."

"माहीत आहे मला."

"मग दोन्हीकडे चालते?"

फादरांनी चहाचा घोट घेतला. त्यांना अकरापैकी एक हवी होती. कोणती, याला महत्त्व नव्हतं. "तुम्ही आज्ञा पाळता की नाही, सिस्टर?"

"पाळते."

"मग झालं तर."

तिनं सही केली. ही दुसरी. कप उचलून ती स्वैपाकघरात गेली, तेव्हा तिच्या मनात काही नव्हतं. मदर मोठी, बिशपसाहेब त्याहून मोठे. दोघांनी सांगितलं, दोघांचं ऐकलं. घरात सासूनं पाणी मागितलं आणि सासऱ्यानंही मागितलं तर सून दोघांना देते. यात लबाडी कुठे आहे?

चार दिवसांत तो कागद सगळ्या धर्मग्रामांत, प्रत्येक चर्चमध्ये, वाचून दाखवला गेला. अकरा जणी एक नाहीत, एकीला सद्बुद्धी सुचली आहे, असं सांगितलं गेलं. कुणीतरी त्याचा फोटो मदरच्या मोबाइलवर पाठवला. खाली रिबेकाची सही, लहान मुलीसारखी, रेघेच्या वर चढलेली.

मदरनं तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "तुला सही करायला कुणी शिकवलं गं?"

"तुम्हीच, मदर."

"त्याचे हे पांग फेडलेस? नवापूरच्या डोंगरातून उचलून आणलं, माणसात बसवलं, आणि फादरांनी खुर्ची दिली तर आम्हाला विकून आलीस?"

"त्यांनी आज्ञा दिली."

"आज्ञा!" एक तरुण सिस्टर हसली. "कुत्र्याला पण आज्ञा देतात. पण कुत्र्याला मालक कोण ते कळतं."

त्या दिवसापासून तिच्याशी कुणी बोललं नाही. संघात ही जुनी शिक्षा होती, एकेकाळी तीन दिवसांची असे. रिबेकाची पन्नास दिवस चालली. तिनं शिजवलेलं सगळ्या खात, वाढप मात्र दुसरीच करी. तिची थाळी स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर ठेवलेली असे. जेवणाआधीच्या प्रार्थनेत तिच्यासाठी एक ओळ वाढवली होती, येशूला विकणाऱ्या शिष्याचं नाव घेऊन: "आमच्यातल्या यहूदासाठी." तिनं ती ओळ ऐकली आणि इतरांबरोबर 'आमेन' म्हटलं, कारण सगळ्यांनी म्हणायचं असतं.

नवलसिंग दूध घेऊन येई तेवढाच तिच्याशी बोले. "ढोलले बी दोन्ही बाजूथीन मारतस, सिस्टर. पन ढोल वाजस तरी. तुम्ही त्ये बी नही."

ती हसली. पन्नास दिवसांत तेवढंच.

एक्कावन्नाव्या दिवशी मदरनं हाक मारली, गोड आवाजात. टेबलावर कागद होता: फादर स्टीफननी फसवून सही घेतली, मी ती मागे घेते. रिबेकानं वाचायला घेतलं. "फसवून नाही घेतली," ती म्हणाली. "मी त्यांना विचारलं होतं."

"वाचायला नाही सांगितलं मी. आज्ञा दिली आहे."

ही तिसरी. त्या संध्याकाळी तिची थाळी टेबलावर आली. पण शेजारच्या सिस्टरनं आपली खुर्ची वीतभर सरकवून घेतली.

आता बिशपसाहेबांच्या कचेरीत तिच्या नावाचे तीन कागद झाले होते, एकमेकांचे गळे धरणारे. फेब्रुवारीत वसतिगृहाची सिस्टर आणि ती हसलेली तरुण सिस्टर बॅगा घेऊन पलीकडे गेल्या. त्यांना क्षमा मिळाली, दुसऱ्या घरात जागा मिळाली, रविवारी ख्रिस्तप्रसाद मिळाला. एका रविवारी रिबेका त्या दोघींच्या मागोमाग धर्मग्रामाच्या चर्चमध्ये गेली आणि रांगेत उभी राहिली. फादर स्टीफन भाकर वाटत होते. तिच्यापुढे आल्यावर त्यांनी हात आखडला आणि तिच्या मागच्या बाईला भाकर दिली, रिबेकाच्या खांद्यावरून. ती तशीच तोंड उघडून उभी होती. मागच्या बाईनं तिला कोपरानं बाजूला सारलं.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "फादर, त्या दोघींना दिलंत."

"त्या एका बाजूच्या होत्या, मग दुसऱ्या बाजूला आल्या. तुम्ही कुठल्या बाजूच्या, सिस्टर? तुमच्या सहीला किंमत काय?"

"मी आज्ञेच्या."

"तेच तर. कुणाच्याही."

पावसाळ्याच्या तोंडाशी दिल्लीहून एक म्हातारे धर्मगुरू आले. त्यांना वरून पाठवलं होतं. ते चार दिवस राहिले, दोन्हीकडचं ऐकलं आणि समेट घडवून आणला. मदर प्रिस्किलानं बिशपसाहेबांपुढे गुडघे टेकून माफी मागायची. बिशपसाहेबांनी तिची निवड मान्य करायची. एकाला माफी मिळाली, दुसरीला खुर्ची. चॅपेलमधला लाल दिवा पुन्हा लागला. भाकरीचं काम यापुढे मशीनवर करायचं ठरलं. ते मशीन सुरतेहून येणार होतं.

एक गोष्ट मात्र राहिली. भांडण एवढं का चिघळलं, हे वर कळवायला हवं होतं. मदर म्हणाली, रिबेकानं दोन्हीकडे खोटं सांगितलं नसतं तर हे केव्हाच मिटलं असतं. फादर स्टीफन म्हणाले, आमचाही अनुभव तोच आहे. वर्षभरात या दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट होती, आणि ती सापडल्यावर दोघांनाही मोकळं वाटलं. त्या दिवशी त्यांनी मिळून जेवण केलं. रिबेकानं कोंबडी रांधली होती. फादरांनी रस्सा पुन्हा मागून घेतला.

जेवण झाल्यावर तिला आत बोलावलं.

कागद टाइप केलेला होता. रिबेकानं बोट ठेवून वाचला. कुणी घाई केली नाही. 'मी, सिस्टर रिबेका, माझ्या स्वतःच्या इच्छेने आणि कोणाच्याही दबावाशिवाय, मला व्रतांतून मुक्त करून घरी जाऊ द्यावे, अशी विनंती करते.'

ती पुन्हा पहिल्या ओळीवर आली. मग म्हणाली, "हे माझं नाही."

"काय तुझं नाही?"

"इच्छा. माझी इच्छा नाही. मला इथंच मरायचंय, मदर. मागच्या कुंपणाशी सगळ्या सिस्टर पुरल्या आहेत, तिथं."

मदरनं फादरांकडे पाहिलं. फादर समजावणीच्या सुरात म्हणाले, "सिस्टर, तुमची इच्छा काय, हे एकोणचाळीस वर्षांत कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग आता एकदम कुठून आली?"

ती उभी राहून डाव्या हातावरचा एक डाग अंगठ्यानं घासत राहिली. मग म्हणाली, "मला जा म्हणून सांगा. आज्ञा द्या. मी आत्ता जाते. पण मला जावंसं वाटतं, असं लिहू नका."

अडचण इथंच होती. जा म्हणून हाकलता येत नव्हतं. कायमची व्रतं घेतलेल्या बाईला काढायला कारण लागतं. तिनं चोरी केली नव्हती, पळून गेली नव्हती, आज्ञा मोडली नव्हती. तिच्याविरुद्ध एवढंच होतं की तिनं प्रत्येकाची आज्ञा पाळली.

"ठीक," मदर म्हणाली आणि उठून उभी राहिली. "मी आज्ञा देते. तुझी इच्छा आहे, असं लिहून दे."

रिबेकानं पेन उचललं, परत ठेवलं.

"नाही," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर ती स्वतःच दचकली. शेजारच्या बाईनं काही बोलावं आणि आपण वळून बघावं, तशी तिनं मान वळवली.

मदर रागावली नाही. फादर तर मंद हसले आणि चष्मा पुसत म्हणाले, "आता सोपं झालं, मदर. लेखी द्या."

मग सगळं नियमानं झालं. पहिली ताकीद लेखी, पंधरा दिवसांनी दुसरी. तिनं दोन्ही घेतल्या आणि दोन्ही वेळा नाही म्हटलं, आणि मधल्या दिवसांत नऊ जणींच्या भाकरी भाजल्या, कारण त्या भाजू नकोस असं कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी निकाल आला: जाणूनबुजून, वारंवार, गंभीर बाबतीत आज्ञाभंग. त्यावर मदरची सही होती, खाली बिशपसाहेबांची. रिबेकाची सही लागली नाही.

निघायच्या सकाळी तिच्याकडून राखाडी साडी आणि गळ्यातलं पदक परत घेतलं. वसतिगृहाच्या कपाटातून कुणा मुलीच्या आईनं विसरलेली पोपटी साडी मिळाली. मग अंगठी. व्रतांच्या दिवशी घातलेली, साधी चांदीची. बोट सुजून तिच्यावर मांस चढलं होतं. साबण लावला, तेल लावलं, सुताचा दोरा गुंडाळून ओढलं. निघेना.

"राहू द्या," रिबेका म्हणाली. "मेल्यावर काढा."

"मेल्यावर तू कुठे असशील, आम्ही कुठे," मदर म्हणाली. "नवलसिंगला बोलवा. पक्कड आण म्हणावं."

नवलसिंग पक्कड घेऊन आला आणि दारात थांबला. "माले नका सांगू, मदर. हाई काम माले जमाव नही."

"मग दुसरी नोकरी बघ."

त्यानं रिबेकाचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. ती म्हणाली, "कर." पक्कड तीनदा घसरली, चौथ्यांदा बसली. चांदी कापली तेव्हा कातडीही कापली. मदरनं अंगठी पुसून पाकिटात टाकली आणि पाकिटावर तारीख घातली.

नवलसिंगनं तिची पिशवी उचलली. फाटक उघडं टाकून तो तिच्याबरोबर निघाला, जीपनं, मग एस.टी.नं, थेट नंदुरबारपर्यंत. नवापूरच्या गाडीत तिला खिडकीची जागा करून दिली, बोटाला आपल्या उपरण्याची चिंधी बांधली. गाडी हलल्यावर हात वर केला.

भाऊ दानियल अंगणात खाट विणत होता. त्याची बायको धनुबाई आतून आली. पोपटी साडी आणि बांधलेलं बोट दोघांनी एकदमच पाहिलं.

"कोण होता?" दानियलनं मावची बोलीत विचारलं.

"कोण?"

"माणूस. साठीला टेकलेल्या बाईला उगाच कोणी काढत नाही."

"कोणी नव्हतं. त्यांनी सही मागितली. मी नाही म्हटलं."

दानियल हसला, हसता हसता खोकला. "तू? तू नाही म्हटलंस? बापानं तुझी पाळलेली शेळी कापायला मागितली होती, तेव्हा तूच तिचे पाय धरले होतेस. खोटं तरी नीट बोल."

धनुबाईनं तिला पाणी दिलं. ती वाईट नव्हती. रात्रीची भाकर वाढतानाही तिनं समजावलं, "ताई, पंचांपुढे एकदा कबूल करून टाका. होता एक, झाली चूक, म्हणा. लोक थोडं बोलतात, मग विसरतात. आमच्या मुलींची लग्नं व्हायची आहेत. खरं सांगणाऱ्याला गाव ठेवून घेतं."

"खरंच सांगते आहे."

"बरं," धनुबाई म्हणाली आणि खाट ओसरीच्या बाहेर, छपराखाली सरकवली. कबूल करेपर्यंत तिथंच.

पंच दोनदा बसले. रिबेका दोन्ही वेळा म्हणाली, कोणी नव्हतं. तिसऱ्यांदा बसायची गरज पडली नाही. गावातला एक जण त्या दिवशी नंदुरबारच्या स्टँडवर होता. त्यानं पाहिलं होतं: एक माणूस, पिकल्या मिशांचा, तिला खिडकीत बसवून देत होता, तिचं बोट बांधत होता. गावाला हवा होता तो माणूस मिळाला. नावही कुणीतरी खापरच्या बाजारातून विचारून आणलं.

आता ती हापशीवर गेली की बायका बाजूला होऊन वाट देतात. "भरू द्या गं," एखादी म्हणते. "नवलसिंगच्या बायकोला भरू द्या." रिबेका घडा खाली ठेवते, दांडा धरते आणि प्रत्येक वेळी, कुणी ऐको न ऐको, 'नाही' म्हणते. मग पाणी भरते.